काय आवडत नाही, ते लिहा

कॅल्गरीतल्या त्या कंपनीत यामिनी वैरागडेचं काम एका वाक्यात सांगता यायचं: दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचं. प्रोग्रामर काहीतरी नवं करायचे आणि ते गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी कुठे फुटतंय ते ती शोधायची. मूळची नागपूरची, सक्करदऱ्यातली. नवरा जयदीप ऑइल कंपनीत इंजिनिअर. तेलाचे भाव पडले की घरी बसणारा, आणि असा दोनदा बसून झालेला. यामिनीची नोकरी मात्र अकरा वर्षांत एकदाही हलली नव्हती.

कंपनी शाळांच्या बससाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठली बस कुठल्या रस्त्याने जाईल, कुठलं मूल कुठे चढेल, हे सगळं त्यात असायचं. आणि बसला उशीर होणार असेल तर आईबापांच्या फोनवर मेसेज जायचा. शहरातल्या माणसाला हा मेसेज म्हणजे किरकोळ गोष्ट वाटेल. पण शहराबाहेर, पूर्वेकडच्या त्या सपाट गव्हाच्या मुलखात, घर शेताच्या मध्यात असतं आणि बस थांबते ती डांबरी रस्त्यावर. मूल अर्धा किलोमीटर चालत जाऊन तिथे उभं राहतं. जानेवारीत, उणे तीसमध्ये, आडोसा म्हणून एक टपालपेटीचा खांब.

हे यामिनीने स्वतः पाहिलं होतं. कंपनी काढली ती वॉल्टर नावाच्या माणसाने. तो स्वतः वीस वर्षं स्कूल बस चालवलेला, आणि त्याचा नियम होता की नव्या माणसाने पहिल्या हिवाळ्यात एक दिवस पहाटेच्या बसमध्ये बसायचं. यामिनी बसली होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, दोन जोड मोजे घालून. दर थांब्यावर दार उघडलं की एक लाल नाकाचं पोर वर चढायचं आणि तिला ‘मॉर्निंग’ म्हणायचं. त्या दिवसापासून ती ह्या कामाकडे नोकरी म्हणून बघेना. वॉल्टरचा दुसरा नियम होता की टेस्टरने ‘हो’ म्हटल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. खुद्द वॉल्टरने एकदा घाई केली होती, तेव्हा यामिनीने त्याला ‘नाही’ म्हटलं आणि तो हात वर करून निघून गेला होता.

मग वॉल्टरने कंपनी विकली. टोरांटोहून नवे मालक आले आणि त्यांच्याबरोबर क्रेग आला. क्रेग वाईट बोलायचा नाही. सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायचा, किचनमध्ये खाऊचं कपाट त्यानेच भरवलं, टेबल टेनिसचं टेबल आणवलं. आणि सहा टेस्टर होते त्यांतले चार एका सकाळी दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढून टाकले. राहिल्या दोघी. यामिनी आणि गौरांगी शेवाळे.

गौरांगी कराडची, अठ्ठावीस वर्षांची. इथल्या कॉलेजात डिप्लोमा करून वर्क परमिटवर लागलेली. कामात चोख, पण बोलताना कायम अर्धं पाऊल मागे. डिसेंबरात तिला पीआरचं, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचं, बोलावणं आलं. साठ दिवसांत सगळे कागद द्यायचे होते, त्यांतला एक कागद कंपनीचा: ही इथे काम करते, अमुक काम करते, इतके तास करते. एका पानाचं पत्र. ते एचआरची मेलिसा देणार होती. “पुढच्या आठवड्यात नक्की,” असं मेलिसा तीन आठवडे सांगत होती.

जानेवारीत नवीन व्हर्जन आलं. यामिनीने नेहमीची युक्ती केली. एक बस उशिरा आली तर काय होतं हे सगळेच बघतात. तिने चारशे बस एकदम उशिरा आणल्या. कारण कडाक्याच्या थंडीत तसंच होतं, इंजिनं एकाच सकाळी एकदम रुसतात. आणि मेसेज तुंबले. रांगेत अडकून पन्नास मिनिटांनी जायला लागले.

नऊ तारखेला तिने लिहून दिलं: हे बाहेर जाऊ नये. दुरुस्तीला दोन आठवडे लागतील.

क्रेग तिच्या टेबलाशी आला. “चारशे बस एकदम? असं कधी होतं का?”

“दर हिवाळ्यात दोनदा होतं,” यामिनी म्हणाली.

“आपण तारीख दिली आहे, यामिनी.”

“मग तारीख बदला.”

तो हसला, ‘आय हिअर यू’ म्हणाला आणि गेला. यामिनीला वाटलं, विषय संपला. शनिवारी क्रेगने गौरांगीला फोन केला. दोन तासांत एक छोटी तपासणी कर, फक्त नेहमीच्या गोष्टी बघ आणि सही कर. गौरांगीने केली. सोमवारी व्हर्जन बाहेर गेलं. यामिनीला ते कळलं मंगळवारी, गिऱ्हाइकांना गेलेल्या अभिनंदनाच्या ईमेलवरून.

त्या दिवशी तिला पहिल्यांदाच इतका राग आला. तिने क्रेगला गाठलं. तो म्हणाला, “टेस्टिंगची सही आहे. प्रोसेस पाळली आहे आपण.” शनिवारच्या फोनचं गौरांगीने स्वतःच सांगितलं, पण यामिनी तिला काही बोलली नाही. काय बोलणार होती? ज्या मुलीचा कागद त्यांच्या खणात आहे, तिला शनिवारी फोन करून सही कर म्हणायचं, ह्याला विचारणं म्हणत नाहीत.

पुढच्या गुरुवारी पारा उणे चौतीसवर गेला. सकाळी साडेसहापासून बस सुरू होईनात. मेसेज रांगेत पडून राहिले. एका ग्रामीण स्कूल डिव्हिजनमध्ये दोनशेच्या वर मुलं रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बरीचशी कंटाळून परत आली, काहींना शेजाऱ्यांनी गाडीत घेतलं. सात वर्षांच्या एका मुलीचा एका हातातला मिटन, जाड हातमोजा, कुठेतरी पडला होता. घरापासून लांब होती, बस आत्ता येईल म्हणून ती हलली नाही. तिला कॅल्गरीच्या हॉस्पिटलात आणलं. बोटं वाचली. पण दोन दिवस ती वाचतील की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि ते दोन दिवस यामिनी घरात भांडी आपटत फिरत होती.

“मॉम, यू आर स्केअरिंग द डॉग,” मुलगी ईशिता म्हणाली.

शुक्रवारी दुपारी, ती सात वर्षांची मुलगी अजून हॉस्पिटलात असताना, मेलिसाची ईमेल आली. यामिनीला वाटलं, झाल्या प्रकाराबद्दल असेल. ईमेल दुसरीच होती. देशातल्या उत्तम कंपन्यांची यादी मार्चमध्ये निघणार होती. नोकरी शोधणारे लोक ज्या वेबसाइटवर कंपन्यांबद्दल वाचतात, तिथे आपले तारे जरा कमी पडतायत, तरी प्रत्येकाने पाच मिनिटं काढून मनमोकळा अभिप्राय लिहावा. नाव द्यायची गरज नाही. दोन चौकटी आहेत: इथे काम करताना काय आवडतं, आणि काय आवडत नाही. सुचत नसेल तर खाली नमुने दिले आहेत. ‘काय आवडत नाही’खाली नमुना होता: “कधीकधी किचनमध्ये खाऊ फारच असतो, वजन वाढतं.”

यामिनीने ते वाक्य दोनदा वाचलं. मग कोट घातला आणि साडेतीनलाच घरी निघाली. सी-ट्रेनमध्ये ती उभीच राहिली. जागा होती, पण बसवेना.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. जयदीप समोर संत्रं सोलत बसला होता.

“काय करून राहिली?”

“अभिप्राय लिहून राहिले.”

त्याने तिचा चेहरा बघितला. “नाव नको टाकू.”

“नाव नाहीच मागत ते.”

“तरी पण. उद्या म्हणतील कोण होतं म्हणून. दोनदा काढलंय मला, मला माहीत आहे कसं शोधतात.”

“शोधू देत ना,” यामिनी म्हणाली.

पहिली चौकट तिने रागारागात रिकामी सोडली होती. मग दुसरी लिहायला घेतली आणि हात थांबला, कारण खोटं तिला लिहायचं नव्हतं आणि काहीच आवडत नाही हे खोटं होतं. ती परत वर गेली. लिहिलं, की लहान गावांतले बस चालवणारे लोक फोनवर आमच्याशी शेजाऱ्यासारखे बोलतात. एखादी चूक तीन दिवस सापडत नाही आणि चौथ्या दिवशी सापडते तेव्हाचा आनंद. मेहनती, हुशार सहकारी, त्यांतले चार आता नाहीत. आमच्या कामामुळे एखादं मूल वेळेवर, गरम बसमध्ये चढतं, हे मला पगारापेक्षा जास्त आवडायचं. लिहिता लिहिता डोळे भरले, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. इतकं आवडणारं काम ह्यांनी नासवलं होतं.

मग दुसरी चौकट. तिथे तिने चार ओळी लिहिल्या. टेस्टर ‘नाही’ म्हणाला तर इथे चूक दुरुस्त करत नाहीत, दुसरा टेस्टर शोधतात. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही असा शोधतात. त्याचं मोल कंपनी देत नाही, रस्त्यावर उभी राहणारी मुलं देतात. खाऊ मात्र मुबलक असतो.

तिने बटण दाबलं आणि चहा टाकला. बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

बुधवारी गौरांगी तिला जिन्यात भेटली. भेटली म्हणजे वाट बघत उभी होती. डोळे सुजलेले.

“यामिनीताई, ते तुम्ही लिहिलंत का?”

“काय?”

“मेलिसाने मला आत बोलावलं होतं. क्रेग पण होता. स्क्रीनवर लावलं होतं ते. म्हणाले, ज्याला नाही म्हणणं परवडत नाही, हे कोण लिहील? तूच ना? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, ठीक आहे, आणि पत्राचं आता लीगलला विचारावं लागेल, वेळ लागेल.” ती श्वास घ्यायला थांबली. “माझे एकवीस दिवस राहिलेत.”

“मी तुझं नाव नव्हतं घेतलं गं.”

“नाव कशाला घ्यायला पाहिजे? दोघीच तर आहोत आपण. तुम्हाला कळलं नाही हे?”

“मी तुझ्याच बाजूने...”

“माझ्या बाजूने लिहायच्या आधी मला विचारलंत?” गौरांगीचा आवाज जिन्यात घुमला. अकरा महिन्यांत तिचा असा आवाज यामिनीने ऐकला नव्हता. “तुम्ही सिटिझन आहात. तुमचं घर आहे इथे. तुम्ही रागावता आणि घरी जाऊन चहा पिता. मला रागवायची पण सोय नाही. सही मी केली, ते माझं मला माहीत आहे. त्या मुलीचा विचार मी रोज करते. पण हे तुम्ही जे केलंत ना, ते तुमच्या समाधानासाठी केलंत.”

ती वर निघून गेली. यामिनी कठड्याला धरून उभी राहिली. आत्तापर्यंतचा राग सोपा होता, सगळा एका दिशेने जाणारा. आता त्याचं तोंड तिच्याकडेही वळलं. आणि त्यामुळे तो कमी झाला असं नाही, उलट जड झाला.

ती तशीच मेलिसाच्या केबिनमध्ये गेली. क्रेग तिथेच होता.

“ते मी लिहिलं,” यामिनी म्हणाली. “गौरांगीचा काही संबंध नाही. तिचं पत्र आज द्या.”

मेलिसाने खुर्ची पुढे केली. यामिनी बसली नाही.

“यामिनी, तू दुखावलेली दिसतेस,” मेलिसा म्हणाली. “आम्हाला तुझा दृष्टिकोन समजून घ्यायचा आहे.”

“दृष्टिकोन नऊ जानेवारीला लिहून दिला होता. पत्र.”

क्रेग टेबलावर पेन टकटकवत होता. “पत्राची आणि अभिप्रायाची गाठ आम्ही घालत नाहीये. पण वातावरण चांगलं असलं की सगळी कामं लवकर होतात, हे तुलाही पटेल. तो अभिप्राय निघाला तर वातावरण नक्कीच सुधारेल.”

इतक्या सभ्य शब्दांत कुणी आपल्याला दमदाटी करताना यामिनीने पूर्वी ऐकलं नव्हतं. शिवी दिली असती तर तिला उलट शिवी देता आली असती. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तोंडातून शब्द मात्र थंडपणे निघाले.

“आधी पत्र. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी, गौरांगीच्या ईमेलवर. ती मला आलं म्हणून सांगेल. मग मी इथे उभी राहून तुमच्यासमोर ते काढते.”

दीड तासाने गौरांगीचा एका शब्दाचा मेसेज आला: “आलं.” यामिनीने मेलिसाच्या समोर फोन काढला आणि आपलं लिखाण पुसलं. तारे, चौकटी, सगळं. मेलिसा ‘थँक यू’ म्हणाली. यामिनी वॉशरूममध्ये गेली आणि नळ सोडून पाच मिनिटं उभी राहिली. खरं बोललेलं आपल्याच बोटाने पुसायला लागणं, ह्यासारखा अपमान नाही. जयदीपला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “चांगलं केलं, पोरीचं काम झालं.” ती त्याच्यावर खेकसली. त्याचं बरोबर होतं म्हणूनच खेकसली.

पुढच्या सोमवारी त्या स्कूल डिव्हिजनबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. तिकडे बसचं सगळं बघणारी डॉरीन, साठीची बाई, यामिनीला पहिल्या वर्षापासून ओळखणारी. तिनेच यामिनी हजर हवी म्हणून कळवलं होतं. मीटिंगआधी क्रेग यामिनीला म्हणाला, “तांत्रिक काही विचारलं तरच बोल.”

डॉरीन स्क्रीनवर आली. नेहमी हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात करायची, आज केली नाही. त्या मुलीची आई आमच्या शाळेत जेवण वाढते, एवढं सांगितलं. मग विचारलं, हे झालं कसं?

क्रेगने अर्धा तास दिलगिरी व्यक्त केली. शेवटी म्हणाला, “दुर्दैवाने ही गोष्ट आमच्या टेस्टिंगमध्ये दिसली नाही. टेस्टिंगची पद्धत आम्ही सुधारतोय.”

डॉरीनने चष्मा काढला. “यामिनी, तुला नाही दिसलं?”

क्रेगने मान वळवली. यामिनीने त्याच्याकडे बघितलं नाही.

“दिसलं होतं,” ती म्हणाली. “नऊ तारखेला. चारशे बस एकदम उशिरा आल्या तर मेसेज पन्नास मिनिटं अडकतात, असं मी लिहून दिलं. बाहेर पाठवू नका असंही लिहिलं. मी नाही म्हटलं म्हणून सही दुसरीकडून घेतली. तिला दोन तास दिले होते, आणि हे तपासायचं नाही असं सांगितलं होतं. तिचा दोष नाही. तो कागद मी तुम्हाला पाठवू शकत नाही, पण तुम्ही लेखी मागा. तो आहे.”

“मीटिंग आपण इथे थांबवूया,” क्रेग म्हणाला.

“मी थांबवलेली नाही,” डॉरीन म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “यामिनी, अजून काही?”

“नाही. मला फार आधी फोन करायला हवा होता. मंगळवारी, व्हर्जन गेल्याचं कळलं तेव्हाच. तो मी केला नाही.”

हे ती कुणालाच बोलली नव्हती. इतके दिवस ह्याच गोष्टीच्या अवतीभवती तिचा सगळा राग घोटाळत होता आणि तिने तिकडे बघायचं टाळलं होतं.

डॉरीनने कागद मागितला. तिचं ऐकून आणखी तीन ठिकाणच्या शाळांनी मागितला. ते व्हर्जन चार दिवसांत सगळीकडून मागे घेतलं. शाळांनी नव्या करारात एक अट घातली की टेस्टरचा अहवाल त्यांना दाखवल्याशिवाय काही बदलायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी यामिनीची जागा ‘रिस्ट्रक्चरिंग’मध्ये गेली. दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. कंपनीबद्दल कुठेही वावगं बोलणार नाही, अशा कागदावर सही केली तर जास्तीचे काही महिने मिळणार होते. तिने ते कलम खोडून कागद परत पाठवला. ते मान्य झालं नाही. मग कायद्याने जे द्यावंच लागतं तेवढं घेऊन ती बाहेर पडली. मार्चमध्ये उत्तम कंपन्यांची यादी आली. कंपनी यादीत होती, खालून तिसरी. क्रेगला बढती मिळाली. हे वाचून यामिनीने ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने असा उपसला की शेजारचा म्हातारा दार उघडून बघायला लागला.

जूनमध्ये तिला दुसरीकडे काम लागलं, हॉस्पिटलच्या लॅबचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहान कंपनीत. मुलाखतीत आधीची नोकरी का गेली असं विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. विचारणारी बाई म्हणाली, सोमवारपासून येशील का?

गौरांगी सहा महिने बोलली नाही. ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला. पीआर झालं, बर्नाबीला नोकरी मिळाली, रविवारी विमान आहे. खाली लिहिलं होतं: “राग गेलेला नाही, पण न सांगता जाववेना.”

यामिनीने उलट फोन केला. “विमानतळावर मी सोडते.”

रविवारी सकाळी दोन बॅगा गाडीत टाकून दोघी निघाल्या. गाडी डीअरफूट ट्रेलच्या हायवेला लागली.

“त्या मुलीच्या आईला मी पत्र लिहिलं,” गौरांगी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “माझ्या नावाने. पीआर झाल्यावर लिहिलं, आधी धीर झाला नाही.”

“काय म्हणाली?”

“उत्तर नाही आलं. येणारही नाही बहुतेक.”

यामिनीने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, “तुला आधी विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं.”

“हो,” गौरांगी म्हणाली. एवढंच. ‘असू द्या’ म्हणाली नाही.

यामिनीला ते आवडलं. हिशेब मिटवल्यासारखं गोड बोलली असती तर विश्वास बसला नसता.

विमानतळावर गौरांगीने बॅगा उतरवल्या आणि वाकायला लागली, तर यामिनीने तिचा दंड धरून उभं केलं. “ते काही नको. पोचलीस की कळव.” मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. गौरांगी काचेच्या दारातून आत गेली, आणि यामिनीने गाडी घराच्या दिशेने वळवली.